लाल टॅग

मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता शिवांजलीनं ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तोंडात घेतला, दोनदा चावला, थुंकून टाकला आणि स्वतःच्याच उजव्या गालावर फाडकन चापट मारून घेतली. मग दुसरी. मग तिसरी.

"तीन," वीरधवल म्हणाला आणि त्यानं वहीत लिहिलं.

"अहो, मोजत काय बसलाय? हात धरा तिचा!" संयोगिता ओट्यावरचा तवा तसाच टाकून धावत आली. तिनं लेकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. शिवू मान मागं टाकून ओरडत होती. सात वर्षांची पोर, पण गेल्या तीन महिन्यांत तिच्या फ्रॉकचा पट्टा दोन भोकं आत गेला होता.

"लिहून ठेवलं नाही तर परवा डॉक्टरांना काय दाखवणार?" वीरधवल उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. हल्ली त्याला एका जागी बसवत नसे. "बघ, मागच्या महिन्यात दिवसाला चार-पाच वेळा. आता बारा-तेरा. आजार वाढतोय. म्हणून तर इंजेक्शन."

"भात-दही द्यायचो तेव्हा पोटभर जेवायची ती."

"दही बंद आहे."

"चपाती-तूप खायची."

"गहू बंद आहे. तक्ता बघ की!"

तक्ता फ्रिजवर चिकटवला होता. कराडला नव्यानं सुरू झालेल्या एका क्लिनिकनं तो दिला होता. दूध बंद, दही बंद, गहू बंद, सकाळ-संध्याकाळ कसलेसे थेंब, आणि वागणं सुधारण्यासाठी दहा नियम. तक्त्याच्या खाली परवाच्या गुरुवारचं संमतिपत्र लावलेलं होतं. त्यावर वीरधवलची सही झालेली होती. भूल देऊन पाठीच्या कण्यात स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायचं, असे सहा डोस, आणि वर्षभरात मुलगी 'नॉर्मल' होणार, असं क्लिनिकच्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं होतं.

शिवू शांत झाली. पाटावरून उठून ती बापाजवळ आली. तोंडाकडं न बघता तिनं त्याचं मनगट पकडलं आणि हात वर ओढला. वीरधवलनं हात अलगद सोडवून घेतला. नियम क्रमांक सात : मूल आपला हात ओढून काही दाखवू लागलं, तर हात काढून घ्या, त्याला बोलायला भाग पाडा.

"बोलून सांग, शिवू. काय पायजे? बोल."

शिवूनं रिकाम्या झालेल्या आपल्या मुठीकडं पाहिलं आणि ती गॅलरीत जाऊन डब्यांची झाकणं फिरवत बसली. वीरधवलनं वहीतल्या 'हात ओढणे' या रकान्यात एक रेघ ओढली आणि गाडीची किल्ली उचलली.

त्याचं लेकीवर प्रेम नव्हतं, असं नव्हतं. प्रेम होतं, म्हणूनच जीव थाऱ्यावर नव्हता. दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी शिवूला तास-दीड तास खेळवून, तपासून सांगितलं होतं, की हिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा ताप किंवा जंतू नाही, औषधानं काढून टाकायचा. मेंदूची घडणच वेगळी आहे. शिकवू, बोलण्याला पर्याय देऊ, तिची घुसमट कमी करू. वीरधवलला हे उत्तर पटलंच नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग डॉक्टर कशाला? तो कुपवाडच्या एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. त्याच्या जगात चुकलेल्या वस्तूला दोनच वाटा असतात, दुरुस्ती नाहीतर भंगार. लेकीला भंगारात कोण टाकेल? म्हणून तो दुरुस्ती शोधत निघाला आणि कराडला पोचला.

त्याचा कारखाना पंपांसाठी पोलादी बुश बनवायचा. बुश म्हणजे मधे भोक असलेला, मुठीएवढा गोल तुकडा. ते भोक बरोबर आहे की नाही, हे गेज नावाच्या दांड्यानं बघतात. दांड्याचं एक टोक भोकात सुळ्ळकन गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. जे बसत नाही, त्याला लाल टॅग बांधून लाल पेटीत टाकायचं. शनिवारी पेटी भंगारात जाते. एकदा लाल टॅग लागला, की त्या तुकड्याकडं पुन्हा कुणी बघत नाही.

त्या मंगळवारी सुपरवायझर मानसिंग लाल पेटीपाशी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"या, वीरधवलराव! चाळीस बुश लाल? लग्नात अक्षदा वाटल्यागत टॅग वाटत सुटलायस की रं!"

"गेज जात नाही, साहेब. मी काय करू?"

"मग गेज तपासून आण. जा महंमदभाईंकडं. आणि गड्या, जरा जागा हो. तीन दिवस झालं, तुझं शरीर हितं आणि जीव तिसरीकडंच हाय."

वीरधवल दोन बुश खिशात टाकून गेजरूममध्ये गेला. कारखान्यातली ती एकच शांत खोली. महंमदभाई तीस वर्षं ती सांभाळत होते. बारीक चणीचे, पांढरी दाढी, चष्मा कायम कपाळावर. त्यांच्या शेजारच्या टेबलावर त्यांचा मुलगा अफताब कापडाला तेल लावून गेज पुसत बसला होता. वय सव्वीस, कानांवर आवाज अडवणारी जाड गोल टोपणं. मशीनच्या गडगडाटात तो पाच मिनिटं उभा राहू शकत नसे. पण या खोलीतली प्रत्येक वस्तू तो नेमकी जागेवर ठेवायचा आणि कुणी ती दुसऱ्या खणात ठेवली तर येरझाऱ्या घालायला लागायचा.

"गेज तपासायचंय, चाचा."

महंमदभाईंनी काही बोलायच्या आत अफताबनं हात पुढं केला. गेज मोजलं, पुन्हा मोजलं. "गेज बरोबर आहे." मग बुश उचलला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि खणातली छोटी सुरी काढून कडा खरवडली. केसासारखा बारीक धातूचा तंतू खाली पडला. गेजचं टोक भोकात सुळ्ळकन गेलं.

"कडेला बर आहे," अफताब म्हणाला. "भोक बरोबर आहे."

दुसऱ्या बुशाचंही तेच झालं. वीरधवलनं खाली पडलेला तंतू चिमटीत उचलून बघितला. कापताना कडेला राहिलेला तो काटेरी तंतू, बर. कालचा शिकाऊसुद्धा आधी तो बघतो. आणि आपण चाळीस चांगले बुश भंगारात ढकलले?

"बस," महंमदभाईंनी स्टूल पुढं ओढलं. "बुशाचं राहू दे. काय चाललंय तुझं, ते सांग."

वीरधवल बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. शिवूच्या चापटा, कराड, गुरुवार, पाठीतलं इंजेक्शन. सांगताना तो अफताबकडं बघायचं टाळत होता. महंमदभाईंचा मुलगा 'तसा' आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आपली शिवू तशी राहू नये, याच धास्तीनं तर तो पळत होता.

"बरी होणार म्हणतोस," महंमदभाई सावकाश म्हणाले. "म्हणजे नक्की काय होणार?"

"इतर पोरींसारखी. बोलेल. डोळ्यांत बघेल."

"आणि हे इंजेक्शन देऊन तशी झालेली एखादी पोर तू बघितलीस?"

"त्यांच्याकडं व्हिडिओ आहेत, चाचा! आधीचा आणि नंतरचा."

"अरे, तीन वर्षांची पोर आणि चार वर्षांची पोर, व्हिडिओत फरक दिसणारच की! पोरं वाढतात, बाबा. थेंबानं वाढली का शिकवण्यानं, का नुसत्या वयानं, हे कसं कळणार? मशीनची टूल बदलली, गार ठेवायचं पाणी बदललं आणि स्पीडपण बदलला, तर कशानं फरक पडला ते मानसिंग तरी सांगेल का?"

वीरधवल चिडला. "मग काय उपचारच करू नको? अशीच ठेवू?"

"उपचार करू नको, असं कोण म्हणतंय? ह्याला फिट यायच्या. आजही रोज रात्री आठला गोळी घेतो, एक दिवस चुकवू देत नाही मी. फिट हा आजार आहे, त्याला औषध आहे. पण ह्याला भोंगा सोसत नाही, तो तोंडाकडं बघत नाही, रोज डब्यात बटाटाच लागतो, हे सगळंच मी आजार समजलो. आणि त्याच्यावर औषध हुडकत दहा वर्षं वणवण केली."

"अकरा," अफताब म्हणाला.

"अकरा. बघ, चूक खपवून घेत नाही." महंमदभाई हसले. चष्मा कपाळावरून काढून ते पुसत राहिले. "लोकांना वाटतं, अशी पोरं म्हणजे काहीतरी जादू. ह्याला पाढेसुद्धा येत नाहीत. रस्ता ओलांडायला अजून माझा हात लागतो. मी गेल्यावर कोण, हा प्रश्न मला छळतो. गोड बोलून तुला खोटं सांगणार नाही मी. पण नऊ वर्षांचा होता तेव्हा हा डोकं भिंतीवर आपटायला लागला. एक जण म्हणाला, दूध बंद करा. केलं. दुसऱ्यानं पुड्या दिल्या. दिल्या. चार महिने..."

"माझा कान दुखत होता," अफताब म्हणाला. आवाजात राग नव्हता. गेजचा आकडा वाचावा तसा तो म्हणाला. "डावा. कुणी कानात बघितलं नाही."



"पू झाला होता," महंमदभाई म्हणाले. "पडदा गेला. त्या कानानं त्याला आता ऐकू येत नाही. मी माझ्या पोराला बरं करायला निघालो होतो, वीरधवल, आणि त्याचा चांगला कान घालवून बसलो!"

वीरधवलच्या खिशातून वही डोकावत होती. अफताबनं ती विचारून घेतली आणि पानं उलटू लागला. नजर नाही. हाक न ऐकणे. हात फडफडवणे. हात ओढणे. मारून घेणे. प्रत्येक नोंदीपुढं वेळ, कुठल्या बाजूला, किती वेळा. तीन महिन्यांची पानं.

"यात 'दुखतंय का' असा रकाना नाही," अफताब म्हणाला आणि वही परत दिली.

"माझ्या पोरीचं वेगळं आहे!" वीरधवल ताडकन उठला. "मोठ्या डॉक्टरांनी बघितलंय तिला. तुमच्या कानाशी तिची बरोबरी करू नका!"

गेज टेबलावर तसंच टाकून तो निघून गेला. मागं अफताबनं ते उचललं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

बुधवारी पाळी सुटली तरी वीरधवल घरी गेला नाही. कुपवाडच्या चौकात गाडी लावून चहा घेतला, तो निवला, दुसरा मागवला. यात 'दुखतंय का' असा रकाना नाही. दातात कुसळ अडकावं तसं ते वाक्य निघता निघत नव्हतं. शेवटी त्यानं वही काढली आणि नुसत्या 'मारून घेणे'च्या वेळा लाल पेननं गोल करायला घेतल्या.

सकाळी पावणेआठ. दुपारी एक वाजून दहा, संयोगितानं फोनवर सांगितलेली. संध्याकाळी सव्वाआठ. पुन्हा सकाळी पावणेआठ. तो भराभर पानं उलटू लागला. सगळ्या वेळा जेवणाच्या! मधल्या वेळात क्वचित एखादी. रविवारी संध्याकाळी शून्य. रविवारी काय झालं होतं? भाकरी थुंकून टाकली म्हणून संयोगितानं नुसती तांदळाची पेज पाजली होती. चावायचं काही नव्हतं, म्हणून चापट नाही. आणि बाजू? दोष कुठल्या अंगाला आहे हे लिहायची इन्स्पेक्टरची सवय. गेल्या पाच आठवड्यांत प्रत्येक वेळी त्यानं एकच शब्द लिहिला होता, उजवा. उजवा. उजवा.

चहावाला ओरडला, "आवं दादा, सुट्टे घ्या की!" वीरधवलनं गाडीला किक मारली होती.

घरी त्याची आई, राहीबाई, कुंडलहून एसटीनं येऊन बसली होती. उद्या कराडला सोबत जायला आली होती. नातीसाठी तिनं नवा परकर शिवून आणला होता, बऱ्या झालेल्या नातीसाठी.

"आलास? का रं, तोंड का उतरलंय? उद्या चांगला दिस हाय. इंजेक्शन झालं की माझी शिवी मला आजी म्हणल. सात वरसं वाट बघतीया बाबा."

वीरधवल सरळ गॅलरीत गेला. शिवू जमिनीवर पालथी पडून स्टीलचं झाकण फिरवत होती आणि त्यात डोलणारा उजेड बघत होती. तो शेजारी फरशीवर बसला. हाक मारली नाही. 'इकडं बघ' म्हणाला नाही. वही त्यानं बाहेरच ठेवली होती. झाकण फिरायचं थांबलं, तसं त्यानं ते एकदा फिरवलं. शिवूनं ते धरलं, पुन्हा फिरवलं. मग त्यानं. मग तिनं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वीरधवलच्या लक्षात आलं, की कित्येक महिन्यांत आपण हिच्याजवळ काही न तपासता बसलेलोच नाही.

शिवू उठून बसली. तिनं बापाचं मनगट पकडलं.

सवयीनं त्याचा हात मागं आला. सुटतच होता. पण या वेळी वीरधवलनं स्वतःला आवरलं, आणि हात ढिला सोडून दिला.

शिवूनं त्याचा हात वर ओढला. त्याची चार बोटं मुडपली, एक मोकळं ठेवलं, आणि ते बोट आपल्या उजव्या गालावर, जबड्याच्या कडेशी नेऊन दाबून धरलं. तिचे डोळे गच्च मिटले. गाल आतून तापलेला होता. बोटाखाली बोराएवढी गाठ लागली.

"संयोगिता!"

दोघांनी मिळून मोबाईलच्या उजेडात तिचा ओठ जरासा बाजूला केला. खालची दाढ काळी पडून पोखरलेली होती आणि हिरडीवर पुवाचा पिवळा फोड आला होता.

संयोगितानं लेकीला कुशीत ओढलं. "ती सांगत होती हो! महिनाभर रोज सांगत होती! हात धरून दाखवत होती..."

"आणि आपण रोज हात काढून घेत होतो," वीरधवल म्हणाला. कुणी परक्यानं नाही, त्यानं स्वतः लेकीच्या गळ्यात लाल टॅग बांधला होता. एकदा तो टॅग लागल्यावर तिचं रडणं आजार, तिचं मारून घेणं आजार, आणि तिचं सांगणंसुद्धा आजार! तीन महिने रोज मोजमाप घेणाऱ्या माणसानं कडेची बर बघितली नव्हती.

गुरुवारी सकाळी राहीबाईंनी सरळच विचारलं, "दात किडलाय तर दात बी काढा, अन् इंजेक्शन बी द्या. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?"

प्रश्न खरा होता. दात दुखत होता म्हणून ऑटिझम खोटा ठरत नव्हता. वीरधवल दोनदा दारापर्यंत जाऊन आला. मग त्यानं क्लिनिकला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"कुठवर आलात साहेब? पेशंटला उपाशी ठेवलंय ना?" पलीकडून आवाज आला.

"निघालो नाही. आधी दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. हे इंजेक्शन ऑटिझमवर काम करतं, हे कुणी तपासलं? इंजेक्शन दिलेली मुलं आणि न दिलेली मुलं यांची तुलना केली का? तुमच्याबाहेरच्या कुणी केली का?"

"साहेब, शेकडो पालक समाधानी आहेत."

"समाधान नाही, मोजमाप विचारतोय. आणि पाठीत सुई घालताना, भूल देताना काही बिघडलं तर?"

"अहो, इतकी शंका घेऊन कसं चालेल? विश्वास ठेवा!"

"आमच्याकडं विश्वासावर एक बुशसुद्धा पास होत नाही," वीरधवल म्हणाला. "बरं, तीन महिन्यांत आम्ही पोरीला चार वेळा आणलं. गालावर मारून घेते म्हणून प्रत्येक वेळी सांगितलं. तुमच्याकडच्या एकानं तरी तिचं तोंड उघडून बघितलं का?"

"दात हा आमचा विषय नाही, साहेब."

"पोरगी तर तुमचा विषय होती ना?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "आजची तारीख गेली तर पुढची लवकर मिळणार नाही. वय निघून जाईल. बाप म्हणून नंतर पस्तावाल!"

हेच वाक्य! याच वाक्यानं त्याला तीन महिने पळवलं होतं. आजही त्याचा हात गाडीच्या किल्लीकडं गेलाच. पण त्यानं शिवूच्या सुजलेल्या गालाकडं बघितलं आणि म्हणाला, "पस्तावलोय. ते झालंय करून." आणि फोन बंद केला. संमतिपत्र फ्रिजवरून काढून त्याचे चार तुकडे केले.

राहीबाई पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग ती मला आजी म्हणणारच न्हाई व्हय?"

"म्हणंल का न्हाई, म्हाईत न्हाई, आई," वीरधवल आईच्या पायाशी बसला. "कुणालाच म्हाईत न्हाई. जो नक्की म्हणंल असं सांगतो, त्यो खोटं बोलतोय."

सांगलीच्या दंतवैद्यांनी पाच दिवस पू उतरायचं औषध दिलं. तेवढ्या दिवसांत संयोगितानं खुर्ची, दिवा, आरसा, दाढ अशी चित्रं काढून शिवूला रोज दाखवली. दाढ काढायच्या दिवशी डॉक्टरांनी मोठा दिवा विझवून लहान लावला, आणि अफताबनं पाठवलेली कानांवरची टोपणं शिवूनं घातली. ती रडली नाही असं नाही. रडली, लाथा मारल्या, बापाचा हात चावलाही. पण दाढ निघाली. पाठोपाठ वीरधवल मिरजेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मी तेव्हा म्हणाले होते, हे घालवायचं औषध नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत, काहीच करता येत नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, वीरधवल. करायचं खूप आहे. चला, लागू या कामाला. आणि आधी तिला तिचं दही परत द्या."

दाढ काढायच्या आदल्या दिवशीच त्यानं गेजरूममध्ये जाऊन माफी मागितली होती. महंमदभाईंनी पाठीवर हात ठेवला. अफताबनं एवढंच विचारलं, "चाळीस बुशांचं काय झालं?"

"छत्तीस पास झाले."

"आणि चार?"

"ते खरंच चुकले होते."

"बरोबर," अफताब म्हणाला.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी, राहीबाई पुन्हा आल्या. शिवू पाटावर बसली होती, समोर भात. ती उठली, आजीजवळ गेली, आणि तोंडाकडं न बघता तिनं आजीचं सुरकुतलेलं मनगट पकडलं. राहीबाई गोंधळल्या. शिवूनं त्यांना ओढत फ्रिजपाशी नेलं आणि त्यांचा हात दह्याच्या भांड्यावर ठेवला.

"काय म्हणती रं ही?"

"तुला हाक मारतीया, आई," वीरधवल म्हणाला. "आजी, दही दे म्हणती."

राहीबाईंनी दोन्ही हातांनी भांडं उचललं. दही वाढताना त्या नातीकडंच बघत राहिल्या, आणि निम्मं ताटाबाहेर सांडलं. शिवूनं ते बोटानं पुसून खाल्लं. मग दही-भाताचा घास घेतला, उजव्या बाजूनं चावत.

मंडळी, आपल्या शेजारी, आपल्या शाळेत, कदाचित आपल्याच घरात असं एखादं मूल असेल. त्याला ताप आला, फिट आली, दात दुखला तर औषध जरूर द्या, आणि वेळेत द्या. ते त्याच्या हक्काचं आहे. त्याला शिकवा, त्याची घुसमट कमी करा, त्याच्यासाठी आपला आवाज आणि आपली घाई थोडी कमी करा. पण त्याचं असणंच आजार समजून ते पुसून टाकणारं औषध शोधत धावू नका. तसं औषध नाही. आणि जो ते विकतो, तो आपली भीती विकत असतो. मुलाकडं शब्द नसतील, पण सांगणं असतं. त्यानं धरलेला आपला हात तेवढा सोडवून घेऊ नका!

वीरधवल अजूनही वही लिहितो. जुनी वही त्यानं माळ्यावर टाकली. नव्या वहीत एकच रकाना आहे : 'आज शिवू काय म्हणाली?' त्यातली पहिली नोंद अशी आहे : 'दुपारी एक वाजून दहा मिनिटं. आजीला म्हणाली, दही.'